काढा तोच, ताप मात्र वेगळा

मावशी, नमस्कार.
आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. सासूबाई ६४ वर्षांच्या, थायरॉइड आणि बीपीच्या गोळ्या चालू. लॉकडाऊनपासून रोज सकाळी उपाशीपोटी गुळवेल, ज्येष्ठमध, दालचिनी आणि मिरी यांचा काढा घेतात. ‘म्हणून तर मला कोरोना शिवला नाही’ असं त्यांचं म्हणणं. गेल्या आठवड्यात त्यांना उन्हाळी लागली, मग थंडी वाजून ताप भरला, एका कुशीत दुखू लागलं. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं तशा ‘उष्ण पडतात’ म्हणून त्यांनी त्या बंद केल्या आणि धने-गोखरूचं पाणी सुरू केलं. काल परत ताप. शिवाय गुडघ्यांसाठी आणि ‘इम्युनिटी’साठी ओळखीतून आलेली एक पूड घेतात, पुडीवर नाव-गाव काही नाही. आता माझ्या सात महिन्यांच्या मुलाला तुळस-मधाचं चाटण द्यायचं घाटतंय. मी काही बोलले की ऐकावं लागतं, ‘चार बुकं शिकलीस म्हणून आयुर्वेद खोटा झाला काय?’ नवरा गप्प. आयुर्वेद खोटा नाही हे मलाही कळतं. पण कुठे थांबायचं ते कळत नाही.
– एक सून

अगं, ‘काल परत ताप’ एवढं वाचलं आणि उत्तर लिहायच्या आधी तुला फोनच केला. सदर छापून यायला वेळ लागतो, ताप तेवढा थांबत नाही. त्याच संध्याकाळी तू आईंना दवाखान्यात नेलंस, लघवी कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत ते तपासायला, गेली, औषध नव्याने सुरू झालं, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. आता बाकीचं निवांत लिहिते.

आधी माझ्याबद्दल. मी डॉक्टर नाही. फार्मसीच्या मुलांना एकतीस वर्षं वनौषधी शिकवल्या. सुकी मुळं, साली, बिया नाकाशी धरून, दाताखाली घेऊन ओळखायला लावल्या. माझ्या परसात अडुळसा आहे, कुंपणावर गुळवेल आहे, पावसाळ्यात भुईआवळी तर न लावता उगवते. तेव्हा झाडपाल्याची मी वैरीण नव्हे. तुझ्या आईंशी माझं भांडण असलंच तर ते काढ्यावरून नाही, एकच काढा सगळ्या दुखण्यांना लावण्यावरून आहे.

उन्हाळी लागणं म्हणजे बहुतेक वेळा मूत्राशयात जंतूंनी ठाण मांडणं. बायकांच्या बाबतीत हे जंतू बव्हंशी ई. कोलाय असतात, आपल्याच आतड्यातले. ते मूत्राशयातून मूत्रवाहिनीने वर चढून मूत्रपिंडात गेले की थंडी वाजून ताप येतो, कुशीत ठणकतं, उलटी होते. इथे दुखणं बदललं. नाव तेच राहिलं, ‘उन्हाळी’, म्हणून घरातल्यांना वाटलं उपायही तोच चालेल. मूत्रपिंडातले जंतू रक्तात उतरले तर माणूस अतिदक्षता विभागात जातो, आणि त्याला दिवस लागत नाहीत, तास पुरतात. गोळ्यांनी दोन दिवसांत ताप उतरला याचा अर्थ जंतू कमी झाले एवढाच. उरलेले पुन्हा वाढले आणि ताप परतला.

धने-गोखरूच्या पाण्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या, एरवी कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं होतं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. साधं पाणी, त्यात ना धने ना गोखरू. त्या बायका वयाने तुझ्या आईंपेक्षा लहान होत्या, पण मुद्दा तोच. आईंनी धन्याचं पाणी खुशाल प्यावं. पुन्हा उन्हाळी लागू नये म्हणून ते चांगलंच आहे. चढलेला ताप उतरवायचं काम त्याला सांगू नये, एवढंच.

आणि ‘उष्ण पडतात’ याला हसू नकोस. पोटात जळजळ, तोंडाला कोरड, पातळ शौचाला होणं हे त्या गोळ्यांनी होतं, त्या उगाच बोलत नाहीत. पण त्यावर गोळी बंद करणं हा उपाय नव्हे. जेवणानंतर घेऊन बघायची, नाही जमलं तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. ताक द्यायचं असेल तर आधी औषधवाल्याला विचार, कारण सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या काही गोळ्या दूध-दह्याबरोबर घेतल्या तर अंगी कमी लागतात. हे दुखणं पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासून घ्या. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी पडते, चांगले जंतू कमी होतात, त्यावर लावायचं मलम असतं. आपल्या वयाच्या बायका हे डॉक्टरांशी बोलत नाहीत. तूच बाईडॉक्टर बघून ने.

आता खरा गुंता, ‘काढ्याने बरं वाटतं’ हा. एक गोष्ट सांगते. मी नऊ वर्षांची असताना मला कावीळ झाली. आजोळी एका बाईंकडे कावीळ ‘उतरवायला’ नेलं. त्यांनी माझ्या हातांना कसलासा रस चोळला, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक! आजी म्हणाली, बघ, उतरली. तीन आठवड्यांत मी खडखडीत बरी झाले आणि त्या बाईंच्या घरी नारळ, खण, तांदूळ पोचते झाले. पुढे फार्मसी शिकताना कळलं की आंब्याच्या सालीचा रस चुन्याच्या निवळीत पिवळा होतो, हात कावीळ झालेल्याचे असोत वा नसोत. आणि दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ किंवा ‘ई’ प्रकारची कावीळ धडधाकट माणसात बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. यकृताने केलेल्या कामाचं श्रेय नारळासकट दुसरीकडे गेलं. पण त्याच ‘उतरवण्या’वर विसंबून राहिलेली बाई गरोदर असेल आणि कावीळ ‘ई’ असेल, तर जिवावर बेतू शकतं. रस तोच, चुना तोच, कावीळ वेगळी.

भुईआवळीचं उदाहरण तर मी दर वर्षी वर्गात द्यायची. काविळीवर ती आपल्याकडे पूर्वापार देतात. मद्रासच्या संशोधकांनी ती रीतसर तपासली. त्यांच्यात बारूख ब्लुमबर्गही होते, ज्यांना हिपॅटायटिस बीच्या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळालं होतं. निष्कर्ष १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात बाळगणाऱ्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळीची पूड दिली, त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. ज्यांना नुसती दिखाऊ पूड दिली त्या २३ जणांत फक्त एकाची गेली. आम्ही वनौषधीवाले नाचायचेच बाकी होतो! मग इतरांनी, इतर ठिकाणी तोच प्रयोग करून पाहिला आणि तसा गुण काही दिसेना. वाईट वाटलं, पण तपासायचं म्हणजे हेच. तपासून जे टिकलं नाही त्याचं नाव घ्यायलाही यावं लागतं.

टिकलेलंही पुष्कळ आहे. खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्सिन लिहिलेलं असतं ना, ते अडुळशातल्या वासिसिनवरून घडवलेलं औषध. आणि जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा एक चिनी भाऊबंद आहे, त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन मिळालं. ‘तू यूयू’ नावाच्या चिनी संशोधक बाईंना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. जुन्या चिनी ग्रंथात ते झाड पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं, उकळायला नव्हे. त्यावरून बाईंना सुचलं की उष्णतेने त्यातला गुण जात असावा, म्हणून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि तो लागू पडला. मात्र त्याच झाडाचा चहा मलेरियावर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चहात औषध किती उतरलं याचा भरवसा नसतो. कमी पडलं तर परजीवी मरत नाही, उलट औषधाला सरावतो. झाडातलं औषध आणि झाडाचा काढा यांत एवढं अंतर असतं, आणि ते अंतर म्हणजे मात्रा.

आता तुझ्या आईंचं पातेलं उघडते.

गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्यांची. पाठोपाठ देशभरातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ जणांची माहिती आली. यकृताचा तुकडा तपासला तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र दिसलं. आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. वाद आहे, आणि माझा कल सांगायचा तर मी रुग्ण तपासणाऱ्यांच्या बाजूने सावध राहीन. कारण आपण ‘प्रतिकारशक्ती वाढवतो’ म्हणतो तेव्हा ती काही पिंपात पाणी भरल्यासारखी नुसती वाढत नाही. दमा, सोरायसिस, आमवात ही प्रतिकारशक्ती नको तिथे वाढल्याचीच दुखणी आहेत. थायरॉइड कमी पडण्यामागेही पुष्कळदा हेच असतं, शरीर आपल्याच ग्रंथीवर तुटून पडतं. आईंना थायरॉइड आहे. ज्याची प्रतिकारशक्ती एकदा घरच्यांवर उलटली आहे, त्याने तिला रोज सकाळी डिवचू नये. म्हणून यकृताची तपासणी, म्हणजे एलएफटी, होईपर्यंत गुळवेल बंद. भूक मेली, मळमळ होतेय, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, असं काही दिसलं तर एलएफटीची वाट न पाहता दवाखाना.

ज्येष्ठमध. हे मला गुळवेलीपेक्षा जास्त खटकलं, आणि याच्याबद्दल वादही नाही. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. बीपी चढतं, पायांवर सूज येते, गोळे येतात. घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळली तर काही नाही. पण बीपीची गोळी घेणाऱ्या बाईने वर्षानुवर्षं रोज? त्यातून त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून जातं. एक विचार, मधल्या काळात त्यांची बीपीची गोळी वाढवावी लागली का? लागली असेल तर डॉक्टर गोळी वाढवत होते आणि काढा बीपी वाढवत होता, आणि दोघांनाही एकमेकांची खबर नव्हती.

दालचिनी-मिरी थोडी असेल तर राहू दे. थायरॉइडची गोळी मात्र नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा-एक तास पोटात काही नाही. काढाही नाही, चहाही नाही.

ती पूड. इथे माझा आवाज चढतो, माफ कर. बिननावाच्या पुडीने गुडघे आठवड्यात थांबले, भूक वाढली, अंगात तरतरी आली, तर पहिला संशय स्टेरॉइडचा घ्यायचा. अशा पुड्यांमध्ये ते मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. वरून ‘जडीबुटी’, आत कारखान्यातली गोळी कुटून. आणि स्टेरॉइड प्रतिकारशक्ती वाढवत नाही, दाबतं. साखर वाढवतं, चेहरा फुगवतं, जंतुसंसर्गाला दार उघडून देतं. इम्युनिटीची म्हणून घेतलेल्या पुडीनेच उन्हाळी लागली असेल, असंही होऊ शकतं. पण ऐक, खूप दिवस घेत असतील तर ती एकदम फेकून देऊ नकोस. स्टेरॉइड अचानक तुटलं तर माणूस कोसळतो. पुडी तशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेव आणि किती महिने घेतायत ते सांग, कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील. यापुढे आयुर्वेदिक औषध घ्यायचं तर बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि घटक छापलेले बघूनच घ्या. तेवढ्यानेही पूर्ण हमी मिळत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं, आणि ती सगळी छापील लेबलाचीच होती. भस्मं आणि रसौषधी, म्हणजे पारा-धातूंची औषधं, तर वैद्यांच्या देखरेखीशिवाय नकोतच.

बाळाला मध अजिबात नाही. वर्षाचा होईपर्यंत बोटभरसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी होत नाही, मग बाळ लुळं पडतं, दूध ओढत नाही. कडुनिंबाचं तेलही पोटात देऊ नका, त्याने लहान मुलं दगावली आहेत. नातवाची प्रतिकारशक्ती वाढवायचा आजीला एवढा उत्साह असेल तर नऊ महिने भरले की गोवर-रुबेलाच्या लसीला तिलाच मांडीवर घेऊन जाऊ दे.

तू विचारलंस, कुठे थांबायचं. नाक वाहतंय, घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय, पण माणूस जेवतोय, बोलतोय, तिथे आलं-तुळशीचा काढा, वाफ, गरम पेज, सगळं करा. ते दुखणं आपल्या पायाने जाणारं आहे, काढ्याने सोबत होते. पण तुमच्या भागात तापाला फार वेळ देऊन चालत नाही. भातलावणीनंतर, चिखलात अनवाणी राबल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झाले तर तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. वेळेवर सुरू झालेलं साधं, स्वस्त प्रतिजैविक तिथे जीव वाचवतं, आणि किराईत उकळत बसण्यात तोच वेळ जातो. दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. काजूच्या हंगामात रानातून आलेल्याला ताप आला तर गोचीड चावली का, रानात माकड मेलेलं दिसलं का, हे डॉक्टरांना सांगायचं. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस सगळेच देतात. प्लेटलेट्स आठवड्याभराने बहुधा आपल्याच वाढतात आणि श्रेय पपईला जातं. धोका असतो तो ताप उतरल्यानंतरच्या दिवसांत, पोट दुखू लागलं, सारखी उलटी झाली, हातपाय गार पडले तर. तेव्हा घरातला माणूस रस काढत नको, गाडी काढत हवा. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर अडुळसा बाजूला ठेवून थुंकी तपासा. टीबी काढ्याला बधत नाही आणि घरात बाळ आहे.

राहिला घरातला वाद. ‘तुमचा काढा बंद’ हे वाक्य तुझ्या तोंडून जाऊ नये. ते तुझ्या नवऱ्याने बोलायचं आहे, आई त्याची आहे. गप्प बसून तो तटस्थ राहत नाही, तुला एकटं पाडतो, हे त्याला माझं नाव घेऊन सांग. आणि डॉक्टरांपुढे तू सासूची तक्रार करू नकोस. काढ्याची पुरचुंडी, पूड, सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून ती पिशवी आईंच्याच हातात दे आणि म्हण, ‘तुम्ही काय काय घेता ते तुम्हीच सांगा, मला नीट येत नाही सांगायला.’ कोरोनाच्या दिवसांत सगळं घर घाबरलेलं असताना पहाटे उठून सगळ्यांसाठी काढा उकळणारी ती बाई आहे. तिचं पातेलं हिसकावून घेतलं तर ती पूड लपवून घेईल, आणि ते जास्त वाईट. डॉक्टर काढ्याचं ऐकून नुसते ओरडणारे असतील तर तालुक्याला शिकलेले, नोंदणीकृत वैद्य असतील, त्यांच्याकडेही जरूर जा. चांगला वैद्य थायरॉइड, बीपी आणि कल्चरचे कागद बघितल्याशिवाय पुडी बांधत नाही. औषधाने, मग ते कुठलंही असो, त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत, तिथे नोंद करता येते.

एलएफटी, पोटॅशियम, थायरॉइडची टीएसएच आणि साखर, एवढे चार कागद हातात आले की मला कळव. आणि गुळवेल कुठून आणता ते तू लिहिलं नाहीस. वेलीचा अंगठ्याएवढा तुकडा आडवा कापून त्याचा फोटो पाठव. खऱ्या गुळवेलीत गाडीच्या चाकासारखी नक्षी दिसते आणि वरचं साल कागदासारखं सुटतं. खोडावर मोठमोठ्या पुटकुळ्या असतील तर ती वेल दुसरीच असेल. खरी निघाली तरी आईंनी आत्ता प्यायची नाही. पण ओळख पटवून द्यायला मला आवडेल, त्यांनाही आवडेल असं वाटतं.
– तुझी मावशी